मोटार काढलेला दोर

तुम्ही कुणाला अडवलं नाहीत, हे मला ठाऊक आहे. कुणाचा हात धरून मागे ओढलं नाहीत. तुम्ही नुसते खाणीच्या काठावर उभे राहिलात, हसलात, चौकश्या केल्यात आणि लागेल ते मागून नेलंत. तरीही निरवांगीच्या माळावरचा तो कडा आज रिकामा आहे, आणि तो तुम्हीच रिकामा केलात.

मी दोर बोलतोय. ट्रॉलीवर वैरण आवळायचा दोर नव्हे. कडा चढताना माणूस निसटला तर त्याला झेलणारा दोर. वरून माझं नारिंगी, निळ्या ठिपक्यांचं विणकाम दिसतं. तो नुसता अंगरखा. माझं बळ आत असतं, हजारो पांढऱ्या धाग्यांच्या गाभ्यात, आणि तो गाभा कुणालाच दिसत नाही. माझ्या जन्माची हीच मोठी अडचण आहे.

कारखान्यात माझ्याच वाणाच्या एका तुकड्याला ऐंशी किलोचं वजन बांधून पुन्हा पुन्हा खाली सोडलं होतं. तो तुटला नाही, म्हणून मला जगात जायची परवानगी मिळाली.

मला घेतलं ज्ञानेशने. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, पुण्यात इंजिनिअरिंग शिकता शिकता कड्यांच्या नादी लागलेला हा पोरगा परत आला तो एकच ध्यास घेऊन. आपल्याकडची पोरं विहिरीत सूर मारतात, नारळाच्या झाडावर चढतात, मग कड्यावर का नाही? निरवांगीच्या माळावर एक बंद पडलेली दगडखाण होती. तिच्यात चाळीस फुटांचा काळा कडा सरळ उभा होता. ज्ञानेशने वर दोन पोलादी खुंट्या ठोकल्या, त्यांतल्या कडीतून मला ओवलं आणि गावात सांगून आला. पहिल्या रविवारी अकरा जण आले.

माणसाची भीती मला हातातून कळते. तळवा घामेजतो, मूठ नको तितकी आवळते. त्या अकराही जणांचे हात घामेजले होते. पण एक सांगतो, त्या घामामुळे कुणी घरी गेलं नाही.

यशराज सहा फूट चढला आणि त्याचा पाय लटलटायला लागला. नवख्या माणसाचं असं होतंच. जरा टाच खाली दाबली की थांबतं. पण काठावर त्याचे मित्र मोबाईल काढून उभे होते. "ए यशा, मशिनीवर ब्लाउज शिवतूस का रं?" संध्याकाळपर्यंत तो थरथरता पाय गावातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला होता. यशराज पुन्हा आला नाही. खाणीकडचा रस्तासुद्धा त्याने सोडला.

विशालला भीती नव्हतीच. तो दुसऱ्याच रविवारी वरपर्यंत गेला, खाली आला आणि अंग झटकत म्हणाला, "सर, ह्येचं सर्टिफिकेट भेटतं का? पोलीस भरतीला मार्क हायत का ह्येला?"

"नाहीत."

"मंग फायदा काय?"

"फायदा बघायचा असेल तर घरी जा," ज्ञानेश ताडकन म्हणाला. विशाल खरंच घरी गेला.

मोना छान चढायची. तिसऱ्या रविवारी तिची आई आली. काठावर बिड्या ओढत बसलेल्या बाप्यांकडे तिने एकदा बघितलं, मग दोर अडकवायला लेकीच्या मांडीभोवती आवळलेल्या पट्ट्यांकडे. "सर, लेकीला अशी पट्टं बांधून लोकांपुढं टांगू नगा," एवढंच म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली.

पावसाळा संपेपर्यंत एकटी राजलक्ष्मी उरली. सावळाराम तात्यांची मुलगी, सतरा वर्षांची, अंगाने काटकुळी. पहिल्या दिवशी ती पंधरा फुटांवर अडकली. वर जाईना, खाली येईना. वीस मिनिटं भिंतीला चिकटून रडली. नशिबाने तिची पाळी येईतो काठावरचे सगळे पांगले होते. शेवटी बोटं सुटली आणि ती पडली. हातभर खाली आली असेल, तोच मी ताणला गेलो आणि तिला धरलं. ती हवेत हेलकावे खात राहिली, आणि मग हसायलाच लागली.

दोर झेलतो, हे सांगून पटत नाही. एकदा पडावं लागतं. पडण्याइतका वेळ कुणी कुणाला देत नाही, म्हणून माणसं जमिनीवर राहतात.

ज्ञानेश मोटरसायकलवरून यायचा, म्हणून माझी पिशवी तिच्याच घरी खुंटीला असायची. दर रविवारी ती मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांमधून सरकवायची. कुठं चपटं लागतंय का, कुठं मऊ पडलंय का, ते बघायची. ज्ञानेशनेच शिकवलं होतं तिला. एवढ्या प्रेमाने आजवर मला कुणी हात लावला नव्हता.

वर्षाच्या अखेरीस ज्ञानेशने एक अर्ज आणला. पुण्यातली एक संस्था काही मुलामुलींना निवडून वर्षभर गिर्यारोहण शिकवणार होती. अर्जावर बापाची सही हवी होती आणि सोमवारपर्यंत तो पोचायला हवा होता.

"मी डोळ्यांनी बघीन, मंग सही करीन," तात्या म्हणाले. "पर ह्यो एकच रविवार. डाळिंबाचा तोडा तोंडावर हाय."

राजलक्ष्मी तीन दिवस नीट जेवलीसुद्धा नाही.

शुक्रवारी ती इंदापूरला कॉलेजात होती. दुपारी शेजारचे दादासाहेब घाईघाईने आले. "सावळाराम, पाण्याची मोटार गेली हिरीत. तारंचा रोप कोऱ्हाळ्याला मेव्हण्याकडं हाय. तुझ्या पोरीचा त्यो दोर दे की."

"त्यो मास्तरचा हाय, दादासाहेब."

"मंग मी काय खातूय व्हय त्याला? वांगी वाळाय लागल्यात माझी."

तात्या घोटाळले. शेजाऱ्याची मोटार विहिरीत आणि दोर आपल्या खुंटीला, हे त्यांना पेलणारं नव्हतं. मागितल्यावर नाही म्हणायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी मला काढून दिलं. वर स्वतः मदतीलाही आले.

मोटार गाळात रुतली होती. माझं एक टोक तिला बांधलं, दुसरं ट्रॅक्टरला. मधे विहिरीच्या कठड्याचा तासलेला दगड. ट्रॅक्टरने झटका दिला आणि मी त्या दगडावर चेपला गेलो. आत, गाभ्यात, धागे तुटत गेले. तो आवाज फक्त मलाच ऐकू आला. दुसऱ्या झटक्याला आणखी एका जागी तसंच झालं. मग मोटार वर आली आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

दादासाहेबांनी मला साबण लावून धुतलं, सावलीत वाळवलं, नीट वेटोळं करून परत आणून दिलं. कुणी काही लपवलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंय, असं कुणाला वाटलंच नाही.

रविवारी तात्या धुतलेलं धोतर नेसून खाणीत आले. सोबत दादासाहेब आणि आणखी चारपाच जण. ज्ञानेश वर खुंट्या तपासत होता. राजलक्ष्मीने पिशवी उघडली आणि मला बोटांतून सरकवायला सुरुवात केली.

मध्यावर तिचा अंगठा थांबला.

तिथं अंगरखा होता आणि आत काहीच नव्हतं. तिने जागा दाबून बघितली, वाकवून बघितली. मग मान वर करून बापाकडे बघितलं. तात्या घड्याळ बघत होते. ती जागा तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. ज्ञानेश वर होता. तिने पुढे सरकवलं असतं तर सगळं ठरल्यासारखं झालं असतं, आणि कदाचित मी तेवढ्यापुरता टिकलोही असतो. तिचा अंगठा गार पडला होता. बराच वेळ तो तिथून हलला नाही.

"सर," ती शेवटी ओरडली, "हितं पोकळ लागतंय."

ज्ञानेश धावत खाली आला. त्याने हात फिरवला आणि त्याला दुसरीही जागा सापडली. मग त्याने विचारलं आणि दादासाहेबांनी मोकळेपणाने सगळं सांगितलं.

"अवो, दीडशे किलोची मोटार धरली की ह्येनं," तात्या म्हणाले. "माझी पोर चाळीस किलोची. तिला न्हाय धरणार व्हय?"

"मोटार पडली तर दुसरी येते, तात्या!" ज्ञानेशचा आवाज चढला. "मारलात तुम्ही माझा दोर. अडाणीपणा नुसता!"

ज्ञानेशचं म्हणणं खरं होतं, पण तो शेवटचा शब्द परत घेता येण्यासारखा नव्हता.

"आमी अडाणीच," तात्या सावकाश म्हणाले. "म्हणूनच पोर शिकलेल्याच्या हातात दिली हुती. पर एक सांगा मास्तर, एका मोटारीनं ज्याचा जीव जातुया, असल्या दोराला तुमी माझी पोर टांगत हुता व्हय?"

ज्ञानेशला उत्तर माहीत होतं. गाभा, दगडाची धार, ट्रॅक्टरचा झटका, सगळं त्याला समजावता आलं असतं. पण आता ऐकणारा कुणी उरला नव्हता.

"पोरगीच भ्याली," जाता जाता दादासाहेब कुणाला तरी म्हणाले. "दोराचं आपलं निमित्त."

राजलक्ष्मीने ते ऐकलं. अर्ज तात्यांच्या खिशात कोराच राहिला. सोमवार आला आणि गेला.

पुन्हा कुणी माझ्यावर चढू नये म्हणून ज्ञानेशने माझे तुकडे केले. नवा दोर त्याने मागवला म्हणतात. पण तो घेऊन तो या गावात आला नाही. एक तुकडा तात्यांनी मागून घेतला. आता मी त्यांच्या गोठ्यात कालवडीच्या गळ्यात आहे. शेण, लाळ, ऊन. अंगरख्याचा नारिंगी रंग ओळखू येत नाही. राजलक्ष्मी कालवड सोडायला येते तेव्हा माझ्याकडे बघत नाही, गाठ चटकन सोडते आणि हात ओढणीला पुसते.

माझं मागणं फार नाही. चढायला निघालेल्याच्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला विचारा. लावलाच, तर निदान सांगा. आणि एखाद्याचे पाय लटलटले तर तेवढा वेळ मोबाईल खिशात ठेवा.

काल डाळिंबाच्या तोड्याला बनाबाई आली होती. पाणी प्यायला गोठ्यापाशी थांबली.

"का गं राजे, खाणीत जाईनास?"

"बंद झालं त्ये, मावशी."

"का? कोण पडलं व्हय?"

"न्हाय. कुणी न्हाय पडलं."

बनाबाईने तांब्या उपडा घातला आणि पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "आगं बया! आन् मी आमच्या नकोशीला धाडावी म्हणत हुते औंदा."