कठड्यावरचे ठोके

मार्च लागला की लिथुआनियातल्या काउनास शहरातल्या लोकांचे कान गोठलेल्या नेमुनास नदीकडे असतात. बर्फ वर्षातून एकदाच फुटतो, आणि तासाभरात सगळं आटोपतं. संगीतकार मिल्दाला तो आवाज माइकवर टिपायचाच होता. तिच्या नव्या रचनेत तसं दुसरं काही नव्हतंच: एक ठोका, मग लांबलचक शांतता. पाळण्यासमोरच्या भिंतीवर एक पांढरं चित्र होतं, त्यात करड्या रंगाची एकच रेघ; रचनाही तशीच.

सहा महिन्यांची आदेले आत झोपली होती. मिल्दा माइक घेऊन चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत आली आणि वाऱ्यानं मागे दार धाडकन लागलं. खटका बसला आणि दाराची सैल मूठ आतल्या बाजूला गळून पडली; बाहेरून उघडायला काही नव्हतं. ही मूठ एक दिवस घात करील, असं नवरा विकिंतास कधीपासून घोकत होता. दुरुस्त मात्र त्यानंही केली नव्हती.

फोन आत. पाळणा पडद्याआड. तिनं काचेला कान लावला. काहीच नाही. जन्मभर जी शांतता ती शोधत आली, ती आता अंगावर आली. पोर झोपलंय, की पांघरूण तोंडावर आलंय?

घराची जादा किल्ली खालच्या मजल्यावरच्या ब्रोने आजींकडे होती, पण त्यांची बाल्कनी काचांनी बंद, आत रेडिओ मोठ्यानं चालू, हाक पोचेना. मिल्दानं माइकच्या दांड्यानं लोखंडी कठडा ठोकला आणि थांबली, आतलं ऐकायला. पुन्हा ठोका. पुन्हा थांबली. खालचा रेडिओ उलट बारीक झाला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षं ती कामासाठी अशीच तर थांबून थांबून ठोकत होती.

तेवढ्यात नदीवर खोल कडकड झाली. बर्फ फुटला. मिल्दा माइकसकट दांडा कठड्यावर बडवत सुटली, न थांबता, माइकचे तुकडे होईपर्यंत.

किल्ली फिरली. आजी धापा टाकत आल्या. पाळण्यात आदेले टक्क जागी होती. पाय तोंडात घालून चित्रातल्या रेघेकडे बघत होती.

"मला वाटलं, चाललंय तुझं नेहमीचं," आजी म्हणाल्या. "रेडिओसुद्धा बारीक केला की गं."

"मग कळलं कसं?"

"तू कधी एवढी घाई करत नाहीस, पोरी."

मिल्दाला हसू आलं नाही. लेकीला कडेवर घेऊनच तिनं पेचकस शोधला आणि दाराचा खटकाच काढून टाकला. दार आता नुसतं लोटलेलं राहिलं. फटीतून नदी ऐकू येत होती. मिल्दाचा कान लेकीच्या श्वासाकडे होता.