पाणी जिकडं जाते तिकडं आंजी

मागच्या दिवाळीनंतर मी वर्ध्याला जायला निघालो आणि समुद्रपूरच्या बसमध्ये जाऊन बसलो. पाटी वाचली होती, तरी बसलो. कंडक्टरनं अर्ध्या वाटेत उतरवून दिलं. कुणीतरी माझ्या मुलाला, अभिरामला, फोन केला आणि त्याच आठवड्यात तो पुण्याहून आंजीला येऊन दाखल झाला.

"बाबा, आता चला माझ्यासंगं. दूधही दोनदा जाळलं तुमी."

मला जायचं नव्हतं. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आता रोज संध्याकाळी अकरा मुलं माझ्या ओसरीवर येतात. नदी वाकडी का वाहते, हे पुण्यात मला कोण विचारणार?

मग मीच अट घातली. आंजीहून सेलूमार्गे हिंगणी, तिथून डोंगरातून कारंजा आणि परत डोंगर उतरून खरांगण्यावरून घरी. ही सायकल सहल मुलांसाठी मी कितीतरी वेळा नकाशावर आखली होती, स्वतः कधी केली नव्हती. तीन दिवस, एकट्यानं. वाट न चुकता परत आलो तर इथंच राहीन. चुकलो तर पुण्याला येईन.

अभिरामनं नकाशावरची वाट बोटानं तपासली. मग म्हणाला, "फोन चालू ठेवजा."

जानेवारीत अभिराम पुन्हा आला, तेव्हा एका ढगाळ गुरुवारी निघालो. शेजारच्या मंदाबाई दारात उभ्या होत्या.

"काऊन गुरुजी, बस बंद पडल्या काय?"

"बसचा माह्यावर भरवसा नाई राह्यला, मंदाबाई."

पहिल्या दिवशी रस्ता सपाट होता. हिंगणीला धनंजय नावाच्या जुन्या विद्यार्थ्याकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी चढ लागले. सागाची पानं झडून रस्त्यावर पडली होती, चाकाखाली चुरडत होती. तीन ठिकाणी उतरून सायकल ढकलावी लागली. कारंज्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आनंद असा झाला नाही. अजून चुकलो नाही, एवढंच मनात होतं. झोपताना उद्याची गावं पाठ म्हणत राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगरात एक फाटा आला. दोन्ही रस्ते सारखेच. हा फाटा मी फळ्यावर शंभरदा काढला असेल. आता कुठला रस्ता कुठं जातो, ते आठवेना. आपण कुठून आलो, हेही क्षणभर कळेना. थांबून विचार करावा, तर तसं न करता मी डावीकडे वळलो आणि चढत राहिलो. तासभर.

शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दोन शेळ्या हाकत येत होती.

"बेटा, आंजी इकडंच ना?"

"नाई आबा, तुमी उलटे जाऊन राह्यले."

"तुले कसं माहीत?"

तिनं रस्त्याकडेच्या नाल्यातल्या बारीक धारेकडे बोट केलं. "हे पाणी धाम नदीत जाते. धाम आंजीले जाते. पाण्यासंगं उतरत जा. माह्या बाबाले त्यायच्या गुरुजीनं सांगतलं होतं."

"नाव काय तुझं?"

"अंकिता."

"हुशार होते तुझ्या बाबाचे गुरुजी," असं म्हणून मी सायकल वळवली.

दोनेक मैल उतरल्यावर माझ्या लक्षात आलं. नाल्याकाठी मुलांना उभं करून हे वाक्य दरवर्षी कोण सांगायचं? मी एका पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो. खाली पाणी वाहत होतं.

दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. अभिराम फाटकात उभा होता. त्यानं सायकल माझ्या हातातून घेतली.

"जिंकले बाबा तुमी. राहा आता इथंच."

त्याचे डोळे भरले होते. डोंगरात काय झालं ते इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेळ्या हाकणारी पोरगी काही सांगायला येणार नव्हती.

पण ओसरीवर मुलं जमली होती. मुलांच्या प्रत्येक सहलीनंतर आम्ही गोल करून बसतो आणि ज्याला जे जमलं नाही, ते त्यानं स्वतः सांगायचं. ऐकणाऱ्यांनी हसायचं नाही. हा नियम माझाच.

"सर, आज तुमचा नंबर," पियुष म्हणाला. "ढकलली काय सायकल?"

"तीन जागी."

"अजून?"

दारात अभिराम चहाचा कप घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आज मी वाट चुकलो," मी म्हणालो. "तासभर उलटा गेलो. एका पोरीनं परत फिरवलं."

कुणी हसलं नाही. मयुरी उठली, तिनं खडूनं फरशीवर धाम नदी काढली, वर डोंगर काढले, खाली आंजीचा ठिपका दिला. सगळं बरोबर. मग खडू माझ्यापुढे धरला.

"कोणत्या फाट्यावर चुकले सर? आमी गेलो तर चुकणार नाई."

मी खडू घेतला. नदीवर टेकवला, वर नेला, पुन्हा खाली आणला; फाटा कुठं होता, ते आठवेना. अकरा मुलं माझ्या हाताकडे पाहत होती. अभिरामनं कप खाली ठेवला आणि तो गोलात, माझ्याशेजारी येऊन बसला.

"मी पुण्याले गेलो का नदी तू शिकवजो," मी मयुरीला म्हणालो आणि खडू तिच्या हातात दिला.