न झालेली सहावी खेप

जरा मान वर करा, मित्रांनो. अजून थोडी. टोप्या सांभाळा, मागे पडतील. दिसले का माझे टोक? तिथे कावळ्यांनी घरटे बांधले आहे. त्या घरट्याच्या खाली जे काळेकुट्ट, पोपडे उडालेले उंच नळकांडे उभे आहे ना, तो मी. मी एक जुना बूस्टर आहे. रॉकेटला जमिनीवरून उचलायचे, आभाळात ढकलून द्यायचे आणि आपण मुकाट्याने खाली परत यायचे, एवढेच माझे काम. आभाळाच्या उंबऱ्यापर्यंत मी पाच वेळा जाऊन आलो. आत कधी गेलो नाही.

तुम्ही सहलीला येता, माझ्या सावलीत डबे उघडता, माझी उंची विचारता, वजन विचारता. माझी हकीकत मात्र कोणी विचारत नाही, म्हणून आज मीच सांगतो. ती कडू आहे. तरी ऐका, कारण शेवटी मला तुमच्याकडे काहीतरी मागायचे आहे.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. धातूचे पत्रे वाकवून, एकमेकांना जोडून, त्यांच्या पोटात नळ्यांचे जंजाळ भरून मला घडवले. माझ्या अंगाला तळहात लावून पहिल्यांदा कोणी पाहिले असेल, तर ते मिस्त्रींनी. तपासणी खात्याचे ते प्रमुख. त्यांच्या हुद्द्याला भलेमोठे नाव होते, पण अख्खी शेड त्यांना मिस्त्रीच म्हणायची आणि त्यांनाही तेच आवडायचे. यंत्रे नंतर लावायची, आधी हात, असा त्यांचा शिरस्ता. गुरे पारखणारा माणूस जनावराच्या पाठीवरून हात फिरवतो, तसे ते माझ्यावरून हात फिरवत.

पहिल्या खेपेला माझ्या डोक्यावर पाण्याच्या टाक्या आणि खाण्याची पाकिटे होती. त्या काळी माणसांना न्यायला वेगळी रॉकेटे असत. ती एकदाच उडत आणि रिकामी झाली की समुद्रात पडत. परत येणारे आम्ही हमाल, फक्त मालासाठी. त्या पहिल्या उड्डाणात मला इतके हादरे बसले की पोटातल्या एका नळीचा चिमटा तडकला. मी लंगडतच काँक्रीटच्या ओट्यावर उतरलो. अंगभर काजळी माखली होती. दोघे जण पाण्याचा पाईप घेऊन मला धुवायला धावले, तेवढ्यात मिस्त्री ओरडले, "हात लावू नका कोणी! आधी वाचू द्या!"

काजळी वाचणे हा त्यांचा शोध. धुळीने भरलेल्या गालावरून आसू ओघळला की त्याची वाट दिसते ना? तसेच. वायू जिथून फुटला, ताप जिथे वाजवीपेक्षा जास्त झाला, तिथे काजळीत रेघ उमटते. मिस्त्रींना बोटभर लांबीची एक रेघ सापडली आणि तिच्यावरून तडकलेला चिमटा सापडला. त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक बूस्टरला तो चिमटा जाड मिळाला. मला याचा फार अभिमान वाटायचा.

दुसऱ्या खेपेच्या सुमारास मिस्त्रींची मुलगी त्यांच्याच खात्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाली. घरातले तिचे लाडाचे नाव ठमी. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावले, "इथे मी तुझा बाप नाही." ती म्हणाली, "बरं, साहेब," आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच डब्यातली अर्धी पोळी उचलली. मी परत आलो की मिस्त्री खालून वर आणि ठमी शिडीवरून वरून खाली, असे दोघे माझी काजळी वाचत येत. मध्यावर गाठ पडली की कोणाला जास्त सापडले ते ताडून बघत. हरेल त्याने दोघांचे डबे घासायचे. पुढेपुढे डबे मिस्त्रीच घासायला लागले आणि घासताना शीळ घालायला लागले. मला 'म्हातारबा' हे नाव ठमीनेच ठेवले. चौथ्या खेपेनंतर माझा वाकलेला पाय सरळ करताना ती म्हणाली होती, "म्हातारबा, जरा गुडघे सांभाळा आता."

मग ती अंतराळात जाण्याच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. पुढची काही वर्षे तिचा मुक्काम सरावाच्या गावी होता. अधूनमधून यायची, माझ्या पायावर टिचकी मारून जायची. आणि एक दिवस ठरले, की तिच्यासह तिघांना घेऊन एक रॉकेट वर जाणार, आणि त्याला या वेळी पहिल्यांदाच परत येणारा बूस्टर लावायचा. तेव्हा प्रश्न उभा राहिला. कोणता? पाच खेपा करून आलेला मी, की शेजारी नुकताच तयार झालेला, पांढराशुभ्र, ज्याला सगळे चेष्टेने 'नवरदेव' म्हणत, तो?

वाद झाला तो माझ्याच पायाशी. संचालकबाई हात मागे बांधून उभ्या होत्या. निम्मे इंजिनिअर माझ्या बाजूने, निम्मे नवरदेवाच्या. ठमी माझ्या बाजूने भांडत होती. मग मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी माझ्यावर एकेक करून बोट ठेवायला सुरुवात केली.

"इथे चीर भरली आहे. हा पाय दोनदा सरळ केला. ही नळी बदलली, ही जोडणी बदलली. इथला पत्रा तापून पातळ झालाय. चालेल, मापात आहे, पण झालाय."

सगळे खरे होते. चारचौघांत कोणी आपली दुखणी मोजून दाखवावीत, तसा मी ओशाळलो.

"बाबा, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे," ठमी म्हणाली. "म्हणून तर हा हवा."

"मला ठाऊक आहे, म्हणूनच नको!" मिस्त्रींचा आवाज चढला. ते तरातरा नवरदेवाकडे गेले. त्याच्या गुळगुळीत अंगावर त्यांनी दोन्ही तळहात ठेवले. "याच्यात एक खोट दाखव मला. एक."

"खोट नाही असं नाही, बाबा. आपल्याला अजून दिसलेली नाही एवढंच. याची काजळी कोणी वाचलीय?"

"माल न्यायचा असता तर मी म्हातारबालाच उभं केलं असतं, दहा वेळा. माल बुडाला तर दुसरा देता येतो." ते परत माझ्याकडे वळले. "रात्री डोळे मिटले की याच्या सगळ्या चिरा दिसतात मला. त्यांच्यावर तुला कसा बसवू?"

संचालकबाई म्हणाल्या, "मिस्त्री, कागदावर दोन्ही चालतात. तुम्ही या जुन्याला हो म्हणालात तर हा जाईल. नाही म्हणालात तर नाही. तुमच्या हातापेक्षा माझा कशावरही जास्त विश्वास नाही."

"नाही," मिस्त्री म्हणाले.

मला राग आला का? आला होता, मित्रांनो. पण ज्याने माझी एकही जखम कधी नजरेआड केली नाही, त्याला त्या सगळ्या जखमा एकदम आठवल्या, यात त्याचे काय चुकले? माझे तो सगळे जाणत होता. नवरदेवाचे काहीच जाणत नव्हता. आणि ते काहीच नसणे त्याला निर्मळ वाटले.

उड्डाण होईपर्यंत मला शेडमधून काढून या मैदानात पाहुण्यांना बघायला उभे केले. ठमी निरोप घ्यायला आली तेव्हा आईबाप दोघेही सोबत होते. तिने माझ्या वाकड्या पायावर थाप मारली. "चल म्हातारबा, जाते."

"जाते काय म्हणतेस?" तिची आई कडाडली. "येते म्हण."

"येते," ठमी हसून म्हणाली. मग बाबांकडे वळून पुन्हा एकदा म्हणाली, "येते हं, बाबा."

उड्डाण सकाळी होते. मैदान माणसांनी फुलले होते. तपासणी खात्याचे काम बूस्टर शेडबाहेर पडला की संपते, म्हणून मिस्त्रीही इथेच, माझ्या पायाशी, घडीच्या खुर्चीवर दुर्बीण घेऊन बसले होते. ठमीची आई शेजारी. मागे कोणी पाहुणा आपल्या सोबत्याला सांगत होता, की हे परत परत वापरणे मालापुरते ठीक, माणसांना नवेच हवे, ज्याने हे ठरवले त्याचे पाय धुवायला पाहिजेत. मिस्त्रींनी ऐकले, पण मागे वळून पाहिले नाही.

"दुर्बीण सारखी का पुसताय?" ठमीच्या आईने विचारले.

"काच धुरकट आहे."

मग क्षितिजावर उजेड फुटला. आवाज नेहमीप्रमाणे मागाहून आला आणि माझे रिकामे पोट त्याने घुमू लागले. लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. नवरदेव सरळ, सुरेख चढत होता. मला त्याचा हेवा वाटत होता, हेही सांगून टाकतो.

एकदम मिस्त्री उभे राहिले. खुर्ची मागे पडली. नवरदेवाच्या पांढऱ्या अंगावर, इंजिनांच्या थोडे वर, एक काळी रेघ उमटली होती. बारीक होती. ती वर चढत होती. एवढ्या हजारो लोकांत ती दोघांनाच वाचता आली, एक मिस्त्रींना आणि एक मला. मला तोंड नव्हते. त्यांना होते, पण ते इतकेच म्हणाले, "काजळी."

ठमीच्या आईने विचारले, "काय म्हणालात?"

पुढचे मी थोडक्यात सांगतो. नवरदेव फुटला. माणसे बसलेली कुपी त्यातून सुटली, पण सुटायला उशीर झाला होता. एक पॅराशूट अर्धवट उघडले. ते बघून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटले, वाचले. मिस्त्रींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुपी समुद्रावर आपटली आणि तिघांपैकी कोणीही परत आले नाही.

पुढे समुद्राच्या तळातून तुकडे काढले. एका झडपेतली कडी किंचित तिरकी बसली होती. हाताला कळली नसती, यंत्रालाही कळली नव्हती. पहिल्या उड्डाणाचे हादरे बसल्याशिवाय ती आपले खरे रूप दाखवणार नव्हती. चौकशीत कोणाचाही दोष निघाला नाही. त्यामुळे सगळा दोष मिस्त्री एकटेच घरी घेऊन गेले.

त्यानंतर मलाही कोणी उडवले नाही. पहिल्या वर्षी लोक मला बघायला रांगा लावत. मग रांगा आटल्या, माझ्याभोवतीचे दिवे गेले, पोपडे सुटले, कावळे आले. मिस्त्री निवृत्त झाले. तेव्हापासून ते रोज सकाळच्या बसने इथे येतात. कोपऱ्यातला खराटा उचलतात आणि माझा चौथरा झाडतात, कठडा पुसतात. त्यांना हे काम कोणी सांगितलेले नाही. तुम्ही मघाशी ज्यांना 'ओ वॉचमनकाका' म्हणून पाण्याचा नळ विचारलात ना, तेच ते. चौथरा लखलखीत ठेवतात, पण मला हात लावत नाहीत.

आणि इथला गाईड रोज याच जागी उभा राहून, अगदी रंगवून सांगतो, "हाच नेला असता तर तिघंही आज जिवंत असते!" मग तुम्ही हळहळता. खराटा जरा थांबतो, पुन्हा सुरू होतो.

मागे एकदा एका पाहुण्याने तर थेट त्यांनाच विचारले, "काय हो काका, तुम्ही इथले जुने दिसता. कोण हो तो गाढव, ज्याने याला नको म्हटलं?"

मिस्त्रींनी कचरा सुपलीत भरला. मग म्हणाले, "होता एक. फार हुशार होता म्हणे."

त्या दिवशी मैदान रिकामे झाल्यावर ते माझ्याजवळ आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला, त्याच भरलेल्या चिरेवर. आणि पुटपुटले, "आणलं असतंस का रे तिला?"

मित्रांनो, मी काय उत्तर देणार? गाईडला ठाऊक आहे, पाहुण्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक नाही. कदाचित आणले असते. कदाचित तो पातळ झालेला पत्रा सहाव्या खेपेला फाटला असता, आणि आज नवरदेव इथे उभा असता, आणि त्याच्याकडे बोट दाखवून लोक हेच बोलले असते. मिस्त्रींनी दाखवलेली माझी प्रत्येक चीर खरी होती. न झालेल्या खेपेची काजळी कोणालाच वाचता येत नाही, त्यांनाही नाही. तरी ते रोज येऊन तीच वाचत बसतात.

म्हणून माझे मागणे ऐका. मला रंग देऊ नका, धुऊ नका, कावळ्यांना हाकलू नका, यातले काही मला नको. फक्त इथे उभे राहून ते वाक्य बोलू नका. ते म्हातारे गृहस्थ झाडत आले की पाय जरा उचला. डब्यातले खरकटे चौथऱ्यावर टाकू नका, त्यांना वाकताना त्रास होतो. आणि निघताना 'जातो' म्हणू नका. 'येतो, काका' म्हणा. तेवढ्याला ते मान वर करून बघतात.

पण म्हणालात, तर मग खरेच परत या.