वाळवंटाची चिठ्ठी

मारेगावात आमच्यासारखी ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. फादर येतात तेव्हा कुणाच्या तरी ओसरीतच मिस्साची उपासना होते. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून झाली की डब्यातून माणशी एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत एका संताचं नाव. ईस्टरपर्यंत त्या संताच्या वाटेनं चालायचं. घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्याची चिठ्ठी घरच्यांनी उचलायची.

यंदा कुंदानं दोन उचलल्या. तिला स्वतःला आली संत एलिझाबेथ, रोग्यांची सेवा करणारी राजकन्या. सासूला आले संत अंतोनी, एकांतासाठी वाळवंटात जाऊन राहिलेले.

आता याला काय म्हणावं? सासूचं, म्हणजे नंदाबाईचं, अर्धं अंग लुळं पडल्यापासून कुंदा दुसरं करत काय होती? भरवणं, पुसणं, कूस बदलणं. नवरा मुकुटबनला नोकरीवर. तो रविवारी यायचा, आईजवळ बसून गोड गोड बोलायचा आणि निघून जायचा. कुंदाला आणखी सेवा नको होती. तिला दार लावून झोपायचं होतं. घरी पोचेपर्यंत तिनं चिठ्ठ्यांची अदलाबदल करून टाकली. देवाला काय वाटायचं ते वाटो.

"आई, तुमाले एलिझाबेथ आली. मले वाळवंट. आता रोज दुपारी मी मांगच्या खोलीत एकटी बसीन."

"हे एलिझाबेथ काय करे?"

"दुखणाईतांची सेवा."

नंदाबाईनं आपल्या लुळ्या हाताकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

एरवी गप्प बसणारी बाई नव्हती ती. चांगल्या हातात स्टीलचा ग्लास धरून खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायची. पाणी हवं, आपट. माशी बसली, आपट. तो आवाज कुंदाला झोपेतही ऐकू यायचा. पण आता दुपारी ग्लास वाजेना. कुंदाला आधी धास्ती वाटली, मग संशय आला, मग सवय झाली. भिंतीला पाठ टेकली की ती मेल्यासारखी झोपायची. प्रार्थना वगैरे राहूनच गेली.

एक दिवस जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. कुंदा धावत बाहेर आली. नंदाबाईचे ओठ सुकले होते, चादर ओली होती आणि ग्लास उशीखाली दडवलेला होता.

"काहून वाजवला नाही?"

"तू झोपून राह्यली होती ना." नंदाबाई दमानं बोलली. "मले तं उठता येत नाही. सेवा करू तं कोनाची करू? घरात दुखणाईत पाह्यलं, तं तूच दिसली."

कुंदानं पाणी पाजलं, चादर बदलली. हे करता करता तिला रडू आलं. चिठ्ठीचं सांगून टाकावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अजून झोप येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं चटई मागच्या खोलीतून आणून खाटेलगत अंथरली. ग्लास सासूच्या हातात दिला.

"तहान लागली का वाजवजा, आई."

नंदाबाईनं मान हलवली. कुंदाचा डोळा लागेपर्यंत वाट पाहिली आणि आवाज न करता ग्लास परत उशीखाली सरकवला.