लेकीला फौजेत धाडावं का

लंकाबाईला नवऱ्याशी भांडायचं असलं की वावरात जावं लागे. सावळीराम तोफखान्यात हवालदार होता आणि तोफांनी त्याचे कान नेले होते. डावा पार गेलेला, उजव्याशी ओरडावं तेव्हा कुठे अर्धंमुर्धं पोचायचं. घरात आवाज चढवला की गल्लीतल्या बायका कामं टाकून दारात येत. म्हणून नाजूक विषय निघाला की ती भाकरी बांधून टोमॅटोच्या वावरात जाई आणि तिथे मोकळ्या गळ्यानं बोलून येई.

त्या दिवशीही ती तशीच गेली. पोरगी निकिता सकाळी कालव्याच्या कडेनं पळायला जाते, ती वजन कमी करायला, अशी लंकाबाईची समजूत होती. शेजारच्या तेजलच्या आईनं पाणी भरताना सहज सांगितलं, की दोघी पोरी मिलिटरी पोलिसाच्या भरतीची तयारी करतायत. लंकाबाईच्या हातातला हंडा तिथेच राहिला.

वावरात जाऊन तिनं सावळीरामाला सगळं ऐकवलं. तो वेलांना सुतळी बांधत होता. बांधता बांधता म्हणाला, की त्याला हे आधीच माहीत आहे. मी हो म्हणालो तर तू मला दोष देणार, नको म्हणालो तर पोरगी देणार, तेव्हा मला मधे घेऊ नका. एवढं बोलून तो पुढच्या ओळीत सरकला. लंकाबाईला इतका राग आला की भाकरी न खाताच ती परत फिरली.

राग नुसता पोरीवरचा नव्हता. लग्न झालं तेव्हा नवरा वर्षातून दोनदा घरी यायचा, तेही पाहुण्यासारखा. निकिता झाली तेव्हा तो सरहद्दीवर होता. सासूला अर्धांगवायू झाला, विहिरीची मोटर जळाली, एका हिवाळ्यात बर्फामुळे त्याचा फोनच आला नाही, हे सगळं तिनं एकटीनं काढलं होतं. तो सुट्टीवर आला की लहानगी निकिता त्याला भिऊन आईच्या पदरामागे लपायची. आणि आता तीच पोरगी त्याच वाटेनं निघाली होती.

निकितानं आईशी वाद घातला नाही. चार वर्षांची नोकरी आहे, चार वर्षांनी चौघींतल्या एकीलाच पुढे ठेवतात, हेही तिनं न लपवता सांगितलं. बाकीच्या तिघी काय करतात, असं आईनं विचारलं. ते मात्र निकितालाही माहीत नव्हतं.

याच सुमारास सावळीरामाला देवळाली कॅम्पातल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. कानाचं मशीन मंजूर झालं होतं. लंकाबाईनं निकिताला कॉलेज बुडवून सोबत यायला सांगितलं. "फौज काय आसती ते भरतीच्या मैदानात नाय दिसत," ती म्हणाली. "चल, दवाखान्यात दाखवते."

तिघं जीपनं भगूरला आणि तिथून कॅम्पात पोचले. दवाखान्याची बाकं भरलेली होती. गुडघे गेलेले, कंबर गेलेले, हात थरथरणारे म्हातारे सैनिक बायकांच्या आधारानं बसले होते. एकाची चप्पल त्याची बायको वाकून पायात घालत होती. लंकाबाईनं लेकीकडे नुसतं बघितलं.

खिडकीवर गेल्यावर एका कागदावर सही राहिल्याचं निघालं. कारकून म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. लंकाबाईनं हिंदीत त्याला शांतपणे विचारलं, सही करणारे साहेब आज आलेत का. आलेत म्हटल्यावर ती आतल्या खोलीत गेली, सही घेऊन आली, दुसऱ्या खिडकीवर शिक्का मारून घेतला आणि कागद पहिल्या खिडकीत ठेवला. निकिता बघतच राहिली.

"आई, एवढी हिंदी तू कुठं शिकलीस?"

"पठाणकोटला. दोन वर्षं क्वार्टर मिळालं व्हतं. शेजारीन पंजाबी. तिच्याशी भांडून भांडून शिकले."

हे सांगताना ती हसली, आणि आपण हसलो हे लक्षात आल्यावर तिनं तोंड फिरवलं.

इतक्यात तिला सगुणाबाई दिसली. सगुणाबाई भगूरची. तिचा नवरा सावळीरामाच्याच पलटणीत होता आणि बर्फाच्या कड्याखाली सापडून गेला होता. तेव्हा तिचं वय निकितापेक्षा फार जास्त नव्हतं. लंकाबाईला वाटलं, देवानंच हिला धाडलं. तिनं तिला शेजारी बसवलं, पोरीचा बेत सांगितला आणि म्हणाली, "तुमीच सांगा हिला. माझं ऐकत नाय."

सगुणाबाईनं निकिताकडे बराच वेळ पाहिलं. तिनं उंची विचारली, पळते किती ते विचारलं. मग लंकाबाईकडे वळून म्हणाली, "मला इचारशील तर मी नको म्हनीन. पन आमच्या ह्यांना इचारलं असतं, तर ते दुसऱ्या दिवशी परत फौजेत गेले असते. आता कुनाचं खरं धरायचं, ते मला आजून ठरवता आलं नाय. तू हिला माझं नाव सांगून आडवू नको, लंका."

लंकाबाईनं जिच्यावर भरवसा टाकला, तिनंच हात काढून घेतला होता.

तेवढ्यात सावळीरामाचा नंबर लागला. आत एका तरुण बाईनं त्याच्या उजव्या कानात मशीन बसवलं आणि बारीक स्क्रू फिरवावा तसं काहीतरी करत ती विचारत राहिली, येतंय का, आता येतंय का. सावळीराम एकदम वर बघू लागला. पंखा घरघरत होता. किती वर्षांत त्यानं पंख्याचा आवाज ऐकला नव्हता. मग निकितानं "पप्पा" म्हटलं, नेहमीसारखं ओरडून नव्हे, साधंच. सावळीराम तिच्याकडे वळला आणि म्हणाला, की तुझा आवाज तुझ्या आजीवर गेलाय, मला कुणी सांगितलं नाही.

बाहेर वडाखाली कट्टा होता. तिघांनी तिथे भाकरीची पुरचुंडी सोडली. लंकाबाईनं निकिताला चहा आणायला पाठवलं आणि ती नवऱ्याशेजारी बसली. सवयीनं तिनं ओरडायला तोंड उघडलं, मग थांबली. हळूच म्हणाली, "एक इचारू? खरं सांगाल?"

"इचार की. येतंय ऐकू."

"फौजेत जे मिळालं, ते पुरलं का तुमाला?"

सावळीरामानं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "गेलो नसतो तर भावाच्या हाताखाली राह्यलो असतो. बर्फ बघितला. मद्रासी, गोरखा, शीख, सगळ्यांच्या ताटात जेवलो. माझ्या एका शब्दावर तोफेची टोळी हालायची. गावात माझ्या शब्दावर बैल नाय हालला कधी." त्यानं कानातल्या मशीनला हात लावला. "कान गेले, तरी मला पुरलं. पन निम्मं तर तू भोगलं. तुला पुरलं का, ते मी कधी इचारलं नाय."

"नाय पुरलं," लंकाबाई म्हणाली. "लय वेळा नाय पुरलं. पठाणकोटची दोन वर्षं सोडली तर."

हे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली, आणि तेही इतक्या हळू, की कट्ट्यावर पलीकडे बसलेल्यालाही कळलं नसतं. सावळीरामाला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला. त्यानं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी बघून तिला वाईट वाटलं, पण आपण बोललो हे बरं झालं असंही वाटलं. मग तो म्हणाला, "निकी जानारी हाय, लंका. मागं राहनारी नाय. तुझ्या वाट्याला आलं ते तिच्या वाट्याला येनार नाय. तिचं दुसरंच काहीतरी येईल."

"मागं परत मीच राहनार."

"या टायमाला मी हाय ना संगं."

निकिता चहा घेऊन आली, तेव्हा लंकाबाईचं ठरलं होतं. जा, पण बाकीच्या तिघींचं उत्तर आधी शोधून ये, असं तिनं बजावलं. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून पदवी करायची. आणि लग्न टाळायला म्हणून जात असशील तर नको जाऊ, लग्न मी तसंही लावत नाही. निकिताला हसावं की रडावं कळेना. चहा सांडेल म्हणून सावळीरामानं तिच्या हातातले कप घेतले.

पहिल्या वर्षी निकिता लेखी परीक्षेतच नापास झाली. ती दोन दिवस जेवली नाही. तेजलनं तर नाद सोडला, नाशिकला नर्सिंगला नाव घातलं आणि तिथे ती चांगली रमली. निकितानं गणिताची शिकवणी लावली आणि पळणं चालू ठेवलं. दुसऱ्या वर्षी ती लेखीत पास झाली, मैदानी चाचणीतही. ट्रेनिंगसाठी बंगळूरला जायच्या दिवशी लंकाबाई रडली, सावळीराम तिच्याहून जास्त रडला.

ट्रेनिंग सोपं नव्हतं. पहिले काही फोन तर रडण्यातच गेले. पायाला फोड आले होते, जेवण घशाखाली उतरत नव्हतं, कवायत घेणारा उस्ताद दिवसभर ओरडायचा. लंकाबाई म्हणायची, नको वाटलं तर ये परत, दार उघडं आहे. हे ऐकलं की निकिता रडायची थांबायची. हळूहळू फोनवर दुसरं ऐकू येऊ लागलं. हरियाणाची एक मैत्रीण, बंदुकीचा नेम, वाहतूक वळवायची परीक्षा.

पहिल्या सुट्टीला ती आली तेव्हा दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी तिनं पत्र्याच्या पेटीतून बीएची पुस्तकं काढली आणि ओट्यावर बसून वाचायला लागली. गल्लीतली रूपाली आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी दहावीत होती आणि तिच्या डोक्यात तेच खूळ होतं. रूपालीनं लंकाबाईला विचारलं, धाडू का नको, तुम्हाला काय वाटतं.

लंकाबाई लसणाची चटणी कुटत होती, बराकीतल्या सगळ्या पोरींना पुरेल एवढी. ती म्हणाली, "मला इचारू नको. मी मागं राहनारी बाई." तिनं निकिताकडे बोट दाखवलं. "पोरीला तिच्यापाशी बसव. फोड आले तेबी सांगंल, नेम लागला तेबी सांगंल. मंग तुमी मायलेकी ठरवा. अन् ठरवाल ते एकमेकींना बोलून ठरवा."

निकितानं पुस्तक मिटलं आणि पोरीला बसायला ओट्यावर जागा करून दिली.