उंबऱ्याशी गळलेला काटा

मी एक म्हातारी सायाळ आहे. पलूसच्या शिवारात, उसाच्या कडेच्या जुन्या बांधात माझे बीळ आहे. मित्रांनो, आयुष्य सरत आले तरी माणसांचे वागणे मला अजून उमगलेले नाही. म्हणून जे घडले ते जसेच्या तसे सांगते. उलगडा तुम्हीच करा.

मी जन्मले तेव्हा माझे काटे केसांसारखे मऊ होते. थोड्याच दिवसांत ते टणक झाले. दात झिजते राहावेत म्हणून वाळकी हाडे कुरतडायला आईने शिकवले. शत्रू आला तर पाठ फिरवायची, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळ वाजवायचे आणि उलट पावली त्याच्या अंगावर धावायचे, हेही तिनेच शिकवले. लोक म्हणतात, सायाळ बाणासारखे काटे फेकते. मला काही फेकता येत नाही. तुमचे केस गळतात तसे माझे काटे गळतात, एवढेच.

पण त्या काट्याचे माणसे काय काय करतात! पूर्वी काही घरांत पहिलटकरणीचा भांग पाडायला तो जपून ठेवत. तोच काटा दुसऱ्या घरात सापडला, की कुणीतरी भांडण लावायला टाकला म्हणत. एकाच अंगावरचे काटे. त्यातला शुभ कोणता आणि अशुभ कोणता, हे मला आजवर कळले नाही.

बांधापलीकडे चंद्राबाईंचे घर. त्यांच्या दोन सुना, थोरली दीपमाला आणि धाकटी संयोगिता, बांधावर गवत कापायला जोडीने येत. इतक्या हसत, की माझी झोप मोडायची. तरी मला ते आवडायचे.

एके दिवशी तांबडे फुटताना मी त्यांच्या परसात भोपळा खायला गेले. कुत्रे अंगावर आले. मी काटे फुलवले, मागे सरले आणि निसटले. त्या गडबडीत एक काटा उंबऱ्याशी गळला.

त्यानंतर दोघी वेगवेगळ्या वेळी गवताला येऊ लागल्या. मला वाटले, कुणी आजारी असेल. मग चंद्राबाई बांधावर उभ्या राहून शेजारणीला सांगताना ऐकले. थोरलीचे म्हणणे, धाकटीला वेगळे व्हायचे आहे, तिनेच काटा टाकला. धाकटी म्हणे, असले प्रकार अक्कांच्याच माहेरी चालतात. चुली दोन झाल्या होत्या. आता घरेही दोन होणार होती, आणि दुसरे घर हा बांध पाडून तिथेच उठणार होते.

त्या वेळी बिळात माझी दोन पिल्ले होती.

एका सकाळी जेसीबी आला. जमीन थरथरू लागली. दिवसा मी कधी बाहेर पडत नाही, पण त्या दिवशी बिळाच्या तोंडाशी उभी राहिले. समोर जनावर आहे की डोंगर चालून आला आहे, काही समजेना. आईने शिकवले तेच केले. पाठ फिरवली आणि काटे खुळखुळवले. चालकाने यंत्र थांबवले. दोन्ही जावा धावत आल्या. मी जोरात अंग झाडले, तसे दोन लांब काटे त्यांच्यादेखत मातीत पडले.

दोघी वाकून त्या काट्यांकडे पाहू लागल्या.

मग संयोगिता थोरलीला म्हणाली, "आता हिच्याशीबी अबोला धरा, अक्का."

दीपमाला म्हणाली, "परसातला भोपळाबी हिनंच खाल्ला व्हय? मी त्योबी तुझ्याच नावावर घातला हुता गं."

"कच्चा? देठासकट?"

दोघींना हसू आवरेना. चंद्राबाईंनी वाकून बिळात पाहिले आणि चालकाला म्हणाल्या, "लेकुरवाळी हाय रं ती. जा माघारी."

बांध राहिला. दोघी पुन्हा जोडीने गवताला येतात. त्यांची चूल एक झाली का, ते मला बिळातून दिसत नाही. चंद्राबाईंनी मात्र ते दोन काटे चिमट्यात धरून लांब ओढ्यात टाकले. सगळे डोळ्यांनी पाहूनही असे का केले, ते त्यांनाच ठाऊक.

मित्रांनो, दारात काटा दिसला तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी मातीत आमची पावले शोधा. शिवारातले जुने बांध राखा. माझी पिल्ले आता बाहेर पडू लागली आहेत. त्यांचेही काटे कुठे ना कुठे गळतीलच.