मी थ्री-ए, चौथ्या खाचेतली

“चिक्गू, कॉम्प्युटरलाही चारच्या आकड्याची भीती वाटते का?”

पुई यानने भर वर्गात उभं राहून चिक्गूंना, म्हणजे बाईंना, हा प्रश्न विचारला आणि अख्खा वर्ग बाकं बडवत हसला. पैज होती ती. यालिनी आणि मेई चन या तिच्या मैत्रिणी कँटीनमध्ये तिला म्हणाल्या होत्या, “मोठी आलीय शूर! मग विचार बाईंना. विचारलंस तर गारेगार चेंडोलचा वाडगा आमच्याकडून. नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू वाहायची!”

पुई यानने विचारलं. पण मित्रांनो, खरं सांगू? चेंडोलसाठी नाही विचारलं तिने. माझ्यासाठी विचारलं.

मी एक जुनी मेमरीची पट्टी आहे. लांबीला वीतभरही नाही. रंग हिरवा, अंगावर काळ्या चौकोनी चिपा आणि खालच्या काठाला सोनेरी दातांची रांग. इपोह शहरात पुई यानच्या पापांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे काउंटरखाली एक कॉम्प्युटर आहे आणि त्याच्या पोटात चार खाचा. त्यातली चौथी खाच माझी.

माझा जन्म पेनांगच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांच्या हातांतून मी पुढे पुढे सरकत गेले. शेवटच्या बाईने मला यंत्रात घालून तपासलं आणि शेजारणीला म्हणाली, “ही अगदी ठणठणीत आहे बघ.” आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक! पुढे बरीच वर्षं तेवढ्यावरच काढावी लागणार आहेत, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

स्टुडिओच्या समोरच चोंग अंकलचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान. अंकल आणि पापा शाळेपासूनचे दोस्त, पापा त्यांना लाडाने ‘आह चोंग’ म्हणायचे. दर रविवारी सकाळी दोघं एकाच टेबलावर वाफाळते डिमसम खायला बसायचे. एकाने दुसऱ्याच्या पेल्यात चहा ओतायचा आणि दुसऱ्याने टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायची. तोंडाने आभार मानायला दोघांनाही लाज वाटायची, बोटांना वाटायची नाही.

कॉम्प्युटरमध्ये आधी एकेक जीबीच्या तीन पट्ट्या होत्या. त्या माझ्या थोरल्या बहिणी. फोटो मोठे होत गेले आणि कॉम्प्युटर धापा टाकू लागला, म्हणून पापांनी चोंग अंकलकडून चौथी आणवली. मी आले तशी पुई यानची आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“चौथी? माझ्या घरात चौथी नको, सांगून ठेवते.”

इथल्या लोकांच्या बोलीत चार म्हटलं की मरण ऐकू येतं. म्हणून लिफ्टमध्ये तीननंतर थ्री-ए येतो आणि मग एकदम पाच.

“चौथी कोण म्हणतंय, वहिनी?” चोंग अंकल हसले. त्यांनी इवलासा कागद घेतला, त्यावर ‘3A’ लिहिलं आणि माझ्या अंगावर चिकटवून टाकलं. “ही थ्री-ए. झालं समाधान?”

असं माझं बारसं झालं.

पण पुढे जे झालं त्याने मी पार हिरमुसून गेले. बहिणींना क्षणाची उसंत नाही. कुणाच्या लग्नाचा फोटो, कुणाचा पासपोर्टचा, कुणाच्या बाळाला महिना झाल्याच्या जेवणाचा. मला मात्र अंगाच्या पाव हिश्शापुरतं काम. उरलेली पाऊण मी तशीच बसून! अंगातून वीज खेळतेय, दात घासूनपुसून तयार, आणि हाक कुणी मारेना. मग मी काय करणार? कान दिले. स्टुडिओत जे जे बोललं गेलं ते मी ऐकलं. आमची जात खरं तर विसराळू, वीज गेली की पाटी कोरी. पण जे सांभाळायला दिलेलं असतं तेच आम्ही विसरतो. चोरून ऐकलेलं नाही विसरत!

असंच एकदा ऐकलं की चोंग अंकल दुकान बंद करून सिंगापूरला मुलाकडे राहायला निघालेत. त्यांना निरोपाची भेट म्हणून पापा गुपचूप एक जुना फोटो दुरुस्त करत होते. फोटो चांगलाच मोठा होता. अर्ध्यावर कॉम्प्युटर अडकला. पुन्हा चालू केला, पुन्हा अडकला. पापांनी वैतागून मेमरीचा आकडा उघडून पाहिला. बसवलेली चार जीबी, वापरण्याजोगी सव्वातीन.

त्याच वेळी नेमके चोंग अंकल दारात आले. पापांनी फोटो झटकन झाकला, राग मात्र झाकला नाही.

“आह चोंग, चार बसवल्यास आणि दिसतात सव्वातीन. पाऊण कुठे गेली?”

“मी काय खिशात घालून नेली?”

“मग पट्टी नकली आहे.”

“नकली? तू मला शाळेपासून ओळखतोस, आणि नकली?”

“ओळखतो म्हणूनच डोळे झाकून घेतली.”

अंकलनी हात पुढे केला. मग हळूच म्हणाले, “दे, परत घेतो.”

“राहू दे,” पापा म्हणाले. “तुझी आठवण म्हणून ठेवतो.”

मित्रांनो, मला नकली म्हटल्याचं दुःख झालंच. पण ‘आठवण’ हा शब्द इतका वाईट वापरता येतो, हे मला मेमरी असूनही माहीत नव्हतं. अंकल निघून गेले. पुढच्या रविवारी पापांनी घरीच काया, म्हणजे नारळाचा जॅम, लावून पाव खाल्ला. समोरच्या दुकानात खोकी भरली जात होती आणि पापा तिकडे पाठ करून बसत होते.

“तरी मी सांगत होते,” आई म्हणाली. “थ्री-ए लिहिलं म्हणून चार लपतो का? कॉम्प्युटरलाही कळलं. त्यानेसुद्धा चार टाळला.”

हेच वाक्य पुई यानने शाळेत मैत्रिणींना सांगितलं आणि त्यातून ती पैज लागली.

पुढचं मला पुई यानच्याच तोंडून कळलं. शनिवारी दुपारी ती काउंटरपाशी उभी राहून चिक्गू रोहानींची नक्कल करत पापांना सांगत होती. वर्ग हसला, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर घरांची एक रांग काढली.

“समजा, नगरपालिकेने घराच्या पाटीवर दोनच आकडे मावतील असा नियम केला. शून्य-शून्यपासून नव्याण्णवपर्यंत. पाट्या किती?”

“शंभर!”

“आणि घरंही शंभर बांधली. आता पाण्याच्या पंपाला पाटी हवी, विजेच्या खोलीला हवी, सुरावला, म्हणजे नमाजाच्या खोलीला, हवी. त्या पाट्या आणणार कुठून?”

यालिनी म्हणाली, “शेवटच्या घरांच्या काढून घ्या.”

“तेच होतं. शेवटची घरं जागेवर असतात, चूल पेटलेली असते, माणसं दारात उभी असतात. पण पाटी नाही, म्हणून पत्र येत नाही.”

जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं असंच आहे, बाई म्हणाल्या. ती म्हणजे कॉम्प्युटरचा मुकादम. कुठल्या पत्त्यावर काय ठेवायचं ते तोच ठरवतो. जुन्या मुकादमाच्या पाटीवर बत्तीसच जागा आणि प्रत्येक जागी शून्य किंवा एक. सगळ्या जोड्या लावून पत्ते होतात बरोबर चार जीबीपुरते, एकही जास्त नाही. त्यातले काही पत्ते पडद्याचं चित्र काढणाऱ्या कार्डाला, काही आवाजाला, काही इंटरनेटच्या तारेला राखून ठेवावे लागतात. तेवढी मेमरी बिनपत्त्याची राहते. नव्या मुकादमाच्या पाटीवर चौसष्ट जागा असतात. त्याला घरं पुरत नाहीत, पाट्या उरतात!

हे ऐकलं आणि माझ्या सोनेरी दातांतून शिरशिरी गेली. म्हणजे मी नकली नव्हते, अपशकुनी नव्हते. माझ्या दारावर पाटी नव्हती, एवढंच!

पापांना मात्र पटेना. “पाट्या म्हणे. चिक्गूंना सांग, पुढच्या वेळी पट्टी घ्यायला तुम्हीच या.”

“बरं, मग एकच करू,” पुई यान म्हणाली. “बाकीच्या तिघींना बाहेर काढू. थ्री-ए एकटी राहू दे आत. नकली असेल तर पडेल उघडी.”

“अगं, आधी वीज बंद कर!” आई आतून ओरडली.

वीज बंद झाली, झाकण उघडलं. बहिणी बाहेर गेल्या आणि पुई यानने मला दोन्ही कडांना धरून अलगद पहिल्या खाचेत बसवलं. कॉम्प्युटर सुरू झाला. मी एकटी! सगळा भार माझ्यावर! पडद्यावर आकडा आला.

पुई यानने मोठ्याने वाचला. “एक जीबी. वापरण्याजोगी, अगदी काठोकाठ. पापा, कुठेय नकली?”

पापांनी चष्मा पुसला. मग उगाच पुन्हा पुसला. मग त्यांनी तो अर्धवट राहिलेला फोटो उघडला, दुरुस्तीला नाही, नुसता बघण्यापुरता. मित्रांनो, मला धाप लागली. कॉम्प्युटर कुरकुरला, बराच वेळ गेला. पण पट्ट्यापट्ट्याने तो फोटो माझ्या अंगावर उतरला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सगळीच्या सगळी वापरत होतं.

याच स्टुडिओतला जुना फोटो होता तो. मागे रंगवलेला धबधबा, पुढे मातीचा वाघ आणि वाघावर दोन मुलं. पुढच्या मुलाच्या पायात भलेमोठे चकचकीत बूट. मागचा मुलगा अनवाणी, तरी तोच जास्त हसतोय.

“हे मागचे तुम्ही ना?” पुई यानने विचारलं. “पापा, तुमचे बूट कुठे गेले?”

पापा पडद्याजवळ सरकले. “आह चोंगच्या पायात,” ते म्हणाले. “त्याचे फाटले होते. फोटोत दिसायला नकोत म्हणून...”

त्यांनी पडद्यावरच्या बुटांवर बोट ठेवलं. आईही दारात येऊन उभी राहिली होती. रस्त्यापलीकडे चोंग अंकल शेवटची खोकी दोरीने बांधत होते. सोमवारी त्यांची बस होती.

मित्रांनो, आता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आम्हाला हाताळताना कडांना धरा, दातांना बोटं लावू नका. आणि एखादा कोपऱ्यात नुसता बसून आहे असं दिसलं, तर त्याला नकली म्हणायच्या आधी बघा, त्याच्या दारावर कुणी पाटी लावलीय का. नसेल तर तुम्ही लावा. मोठी पाटी सापडेपर्यंत ‘थ्री-ए’सुद्धा चालते.

पुई यानने माझ्या बहिणींना पुन्हा खाचांत बसवलं. मला मात्र तिने पहिल्याच खाचेत ठेवलं. मग हात झटकले आणि आईपापांच्या समोर उभी राहिली.

“परवानगी मागत नाहीये, सांगतेय. उद्या सकाळी मी डिमसमला जाणार. चोंग अंकलच्या टेबलावर बसणार. पहिला चहा मी ओतणार, आणि आमच्या घराचं चुकलं म्हणणार. तुम्ही यायलाच हवं असं काही नाही. फक्त ती किटली फार जड असते, पापा. धरायला कुणी आलंच, तर मी नाही म्हणणार नाही.”